मुखेडच्या वर्गातलं ‘टेक’

निजामाच्या हैदराबाद संस्थानात मुखेडच्या पोराला इंग्रजीपर्यंत पोचायचं तर आधी उर्दू यावी लागे. १८८४ मध्ये राज्यकारभारात फारसीच्या जागी उर्दू आली. पुढे १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वरचं शिक्षणही उर्दूतूनच मिळू लागलं, इंग्रजी सक्तीचा विषय म्हणून सोबत होती. घरी मराठी, आजूबाजूला कानडी-तेलुगू, शाळेत उर्दू, आणि इंग्रजी समजून घ्यायची ती या सगळ्यांतून.

या वाटेवर लांबलचक शब्दांपेक्षा छोटी क्रियापदंच जास्त अडवत.

‘टेक’चंच पाहा. चहा घेणं, औषध घेणं, इथपर्यंत मराठी साथ देते. फोटो मात्र आपण काढतो, बसने जातो, आणि मुखेडहून नांदेडला पोचायला वेळ लागतो. इंग्रजी या तिन्ही ठिकाणी ‘टेक’च वापरते. परीक्षेत तर सगळंच उलटं होतं. आपल्याकडे गुरुजी परीक्षा घेतात, विद्यार्थी देतो. उर्दूतही ‘इम्तिहान देना’च म्हणतात. इंग्रजीत विद्यार्थीच परीक्षा ‘टेक’ करतो. त्यामुळे ‘आय गेव्ह द एक्झाम’ म्हणणारा मुलगा निष्काळजी नसतो, तो आपल्या भाषेशी इमान राखून बोलत असतो. चिनी विद्यार्थी वेगळ्या जागी अडतो, कारण त्याच्या भाषेत औषध ‘खातात’ आणि बसने जाण्याला बसमध्ये ‘बसणं’ म्हणतात.

मोल्सवर्थने हाती घेतलेला आणि थॉमस कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्येच छापून झाला होता. पुण्या-मुंबईच्या मुलांना त्याचा आधार होता. उर्दूतून शिकणाऱ्या मुलाला तो वर्गात कसा मिळणार?

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. शाळांची भाषा मराठी झाली आणि उर्दूचा मधला टप्पा गळाला. २००० पासून तर राज्यात इंग्रजी पहिलीपासूनच शिकवू लागले.

‘टेक म्हणजे घेणे’ हे पाठांतर मात्र अजून सुटलेलं नाही. मुखेड तालुक्यातल्या शिक्षकांनी एवढं जरूर करावं: हे क्रियापद फळ्यावर एकटं लिहू नये. त्याच्यापुढे बस, फोटो, परीक्षा लिहावी आणि प्रत्येकाला आपण मराठीत काय म्हणतो, ते मुलांनाच विचारावं.