बेलहेल्वीच्या पाळकाची बंदूक

जुन्या एकनळी बंदुकीच्या चापाची जुळणी उकलली, की हाती फारच थोडे उरते: घोडा, चाप, त्यांच्या कमानी आणि दोन-तीन खिळी. उकलणे सोपे; पुन्हा जुळवताना मात्र धीराची कसोटी लागते. चाप आणि त्याची कमान जागेवर दाबून धरावी, तर खीळ सरकवायला तिसरा हात नसतो. म्हणून जाणता कारागीर एक आखूड, तात्पुरती खीळ घालून दोन्ही भाग आधी एकत्र करतो, ते सांगाड्यात बसवतो आणि खऱ्या खिळीने त्या आखूड खिळीला पलीकडे ढकलून देतो. मग चापाचे टोक घोड्याच्या खाचेत नीट अडकते की नाही, हे रिकाम्या नळीवर पाहायचे. ती खाच झिजली असेल, तर बंदूक नुसत्या धक्क्यानेही उडू शकते.

खाच, कमान आणि चाप हे चकमकीच्या बंदुकीकडून आलेले वारसे आहेत. त्या बंदुकीचा घोडा मात्र जबड्यात गारगोटी धरीत असे. गारगोटी पोलादावर आपटे, ठिणगी नळीबाहेरच्या रंजकावर पडे, रंजक भडके आणि तो जाळ बारीक छिद्रातून आतल्या दारूपर्यंत पोहोचे. पावसात रंजक भिजे. शिवाय भडका आणि बार यांत क्षणभराचे अंतर राही.

हे अंतर ज्यांना खुपले ते सेनापती नव्हते. अलेक्झांडर जॉन फोर्साइथ हे स्कॉटलंडमधील ॲबर्डीनजवळच्या बेलहेल्वी गावचे प्रेस्बिटेरियन पाळक. १७९१ साली वडिलांमागून ते त्याच चर्चचे पाळक झाले. त्यांना रानबदकांच्या शिकारीचा नाद होता, आणि बदके भडका पाहूनच निसटत. (आम्हां कॅथलिक धर्मगुरूंना १९१७ च्या विधिसंहितेचा १३८ वा नियम शिकारीच्या नादी लागू नका असे बजावत असे, आणि गाजावाजाची शिकार तर कधीच नको. १९८३ च्या संहितेत शिकारीचा हा उल्लेख उरला नाही.) फोर्साइथ यांना रसायनशास्त्राचीही गोडी होती. आघाताने पेटणारी पूड त्यांनी अत्तराच्या कुपीसारख्या फिरत्या डबीत भरली. डबी फिरवली की चिमूटभर पूड छिद्राशी येई आणि घोडा आता गारगोटीऐवजी हातोडीचे काम करी. भडका बाहेर दिसेनासा झाला.

१८०६ साली लष्कराच्या दारूगोळा खात्याचे प्रमुख लॉर्ड मोइरा यांनी त्यांना लंडनच्या टॉवरमध्ये प्रयोगांसाठी जागा दिली. पुढच्याच वर्षी लॉर्ड चॅटम त्या पदावर आले आणि त्यांनी पाळकांना चंबूगबाळे आवरायला लावले. १८०७ च्या एप्रिलमध्ये फोर्साइथ यांनी पेटंट मिळवले. नेपोलियनने वीस हजार पौंड देऊ केले आणि त्यांनी ते नाकारले, असे सांगतात. या नकाराचे आम्हांला कौतुक वाटते, पण तो शांतिप्रेमातून आला असे म्हणवत नाही. स्वतःच्या राजाच्या शस्त्रागारात तर ते आपण होऊन राबले होते. बदकांसाठी शोधलेली युक्ती माणसांवर चालेल, हे त्यांना टॉवरच्या भिंतींआड कळले नसेल काय?

डबी मागे पडली. तिच्या जागी इतरांनी तांब्याची लहानशी टोपी आणली. तत्त्व तेच राहिले. १८३९ च्या सुमारास ब्रिटिश पायदळाने ते स्वीकारले आणि १८४३ मध्ये फोर्साइथ निवर्तले. १८५७ साली आपल्याकडे जिच्या काडतुसांच्या चरबीवरून वणवा पेटला, ती १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल याच तत्त्वावर उडत असे. चरबी सर्वांच्या स्मरणात राहिली. घोड्याखालची टोपी कोणाला आठवत नाही.

पुढे ती टोपी काडतुसाच्या बुडात शिरली आणि आपल्या एकनळीत आली. ज्या टॉवरमधून फोर्साइथ यांना सामान हलवावे लागले, तेथेच नंतर त्यांच्या नावाचा स्मृतिफलक लावण्यात आला.