मेण कुठलं?

घरी मेणबत्त्या करून पाहाव्यात म्हणून सामान आणायला गेलो. दुकानदाराने विचारलं, "पॅराफिन देऊ की मधमाश्यांचं मेण?"

पॅराफिन स्वस्त. खनिज तेलातून निघणारं हे मेण बाजारात आलं 19व्या शतकात. त्याआधी युरोपात गरिबाघरी चरबीची धुरकट बत्ती जळे. चर्चच्या वेदीवर मात्र मधमाश्यांचंच मेण लागे. आजच्या अल्जेरियातलं बिजाया हे मुस्लिम बंदर त्या मेणाच्या निर्यातीसाठी प्रसिद्ध होतं. फ्रेंच लोक मेणबत्तीला 'बुजी' म्हणतात, ते या बंदराच्याच नावावरून. इटलीचा फिबोनाची भारतीय अंक शिकला तोही इथेच.

आपल्या 'शमा'चं मूळ अरबी 'शमअ'; त्याचाही अर्थ मेणच.

मेणबत्ती 'त्यांची', दिवा 'यांचा', अशी वाटणी कुणी करू लागलं की मला बिजायाचे व्यापारी आठवतात. आपलं मेण कुणाच्या प्रार्थनेत जळणार, हे त्यांना ठाऊक असणारच. तरीही माल जहाजावर चढत होता.

मी अर्धा किलो मधमाश्यांचं मेण घेतलं. महाग पडलं, पण घेतलं.