रेघेखालचा मुलूख

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात हैदराबाद मुक्तिसंग्राम शिकवत असताना एका मुलाने मध्येच विचारले, "सर, हैदराबादहून मुंबईला विमान किती वेळात जातं?" मुले हसली. मी मात्र नकाशावर पट्टी ठेवली आणि बेगमपेठ ते सांताक्रूझ अशी सरळ रेघ ओढली.

रेघ भरली सुमारे ६२० किलोमीटर. १९४५ साली स्थापन झालेल्या डेक्कन एअरवेजचे ठाणे बेगमपेठेला होते. तिची डकोटा विमाने ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास उडत. म्हणजे हा प्रवास सव्वादोन तासांचा. १९५३ साली ही कंपनी इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. २००८ साली प्रवासी विमाने बेगमपेठ सोडून शमशाबादला गेली. आज जेट विमान सव्वा ते दीड तासात मुंबई गाठते.

पण ती रेघ कुठून जाते, हे मुलांनी पाहावे अशी माझी इच्छा होती. जहीराबाद, बसवकल्याण, धाराशिव, बार्शी, करमाळा! प्रत्यक्षात विमान तंतोतंत रेघेवरून जात नाही. तरी हा आपलाच मुलूख. बीदर उजव्या हाताला वीसेक किलोमीटरवर राहते.

१९४८ च्या पावसाळ्यात याच बीदरच्या धावपट्टीवर रात्री विमाने उतरत. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून निजामासाठी शस्त्रे आणत असे. कराची ते बीदर सरळ अंतर सुमारे तेराशे किलोमीटर. चार तासांच्या आत कापता येण्याजोगे.

त्याच दिवसांत माझी आजी रझाकारांच्या भयाने उस्मानाबादजवळचे घर सोडून बार्शीकडे चालत निघाली. उस्मानाबाद निजामाचे, बार्शी मुंबई इलाख्यातली. सरळ रेघेत दोन्ही गावांत ३७ किलोमीटर. डकोटाला आठ मिनिटे पुरे. आजीला दोन रात्री लागल्या. दिवसा ज्वारीच्या रानात लपायचे, अंधार पडला की चालायचे. कडेवर माझे थोरले चुलते, वर श्रावणाची झड.

मी लहानपणी तिला विचारले होते, "आजी, किती लांब होतं गं?" ती म्हणाली, "मैल कुणी मोजले, बाबा? पोर रडू नये, एवढंच बघत व्हते."

१३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाई सुरू झाली. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. आजी त्याच वाटेने परत आली, ती दिवसाउजेडी. तेव्हा मात्र एकच दिवस लागला, असे ती सांगत असे.

हे सांगून झाल्यावर वर्ग शांत होता. प्रश्न विचारणारा मुलगा पुढे आला, पट्टी उचलून त्याने धाराशिव-बार्शी अंतर पुन्हा मोजले आणि म्हणाला, "सर, माझी पणजीपण बार्शीलाच गेली होती म्हणतात. घरी विचारून येतो."

वाचकहो, आपणही विचारून ठेवा. सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.