दरवाजा कोणीं उघडला?

१८५३ सालीं अमेरिकेचे कमोडोर पेरी चार युद्धनौका घेऊन जपानच्या किनाऱ्यावर येऊन थडकले. पुढच्याच वर्षीं जपाननें तह केला. हा प्रसंग जपानी लोकांच्या दृष्टीनें दाखविणारें 'पॅसिफिक ओव्हर्चर्स' हें सोंडहाइम यांचें संगीत नाटक १९७६ सालीं न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलें. त्याची मांडणी काबुकीच्या वळणाची होती.

त्यापूर्वींच, १९७२ सालीं, पुण्यांत विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'नें उत्तर पेशवाई आपल्याच लोकनाट्याच्या थाटांत गाऊन-नाचून दाखविली होती. त्याचे दिग्दर्शक जब्बार पटेल सोलापुरांत शिकलेले. नाटक म्हणजे बखर नव्हे. तरी त्यांतली नटांची भिंत विसरतां येत नाहीं. ती बाहेरच्यास अडवीत नाहीं, आंतलें पाप तेवढें झांकते.

जपानच्या दाराशीं तोफा याव्या लागल्या. पुण्यांत मात्र इंग्रज वकील मॅलेट १७८६ सालींच येऊन बसला होता. १७९१ मध्यें खऱ्या घाशीरामास जमावानें दगडांनीं ठार केलें, तेव्हांही इंग्रजांची वकिलात पुण्यांत होतीच. १८१८ च्या मे महिन्यांत आपल्या सोलापूरचा किल्लाही त्यांच्या हातीं गेला. परका दाराशीं येतो, तेव्हां घरांतली माणसें काय झांकण्यांत गुंतलेलीं असतात, हेंही इतिहासानें विचारावयास हवें.