डोमेन नावाच्या विक्रीतील फसवणूक

संकेतस्थळाचे नोंदवलेले नाव, म्हणजे डोमेन, विकायला काढणाऱ्याला गाठून त्याचे पैसे किंवा ते नावच लाटण्याचे प्रकार. डोमेन कायमचे कोणाचेच नसते. रजिस्ट्रार कंपनीकडे ठरावीक वर्षांचे शुल्क भरून ते वापरण्याचा हक्क मिळतो आणि हा हक्क विकता येतो. जमिनीला सातबारा असतो. डोमेनला रजिस्ट्रारकडची नोंद आणि त्या खात्याला जोडलेला ईमेल एवढाच आधार असतो. ज्याच्या हाती तो ईमेल, त्याच्या हाती नाव. 'डॉट इन' नावांचा कारभार निक्सी ही संस्था पाहते. ही नावे २००५ मध्ये सर्वांना खुली झाली, तर देवनागरीतील 'डॉट भारत' २०१४ मध्ये सुरू झाले.

उदाहरणार्थ, चंद्रपूर जिल्ह्यात अशा नावाची किंमत व्याघ्रपर्यटनामुळे कळते. ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाच्या मोहर्ली, कोलारा या प्रवेशद्वारांभोवती रिसॉर्ट आणि होमस्टे आहेत, आणि पर्यटक आधी 'ताडोबा' हा शब्दच शोधतो. सफारीचे ऑनलाइन आरक्षण पूर्वी एका खासगी कंपनीमार्फत होई. करारानुसार देय असलेल्या रकमेपैकी सुमारे १२ कोटी १५ लाख रुपये तिने प्रकल्पाच्या प्रतिष्ठानाकडे भरले नाहीत, अशी तक्रार ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्रपूर पोलिसांत नोंदवली गेली. हे प्रकरण डोमेनचोरीचे नव्हे. मात्र सरकारी जंगलाचे दार वाटणाऱ्या पत्त्यामागे प्रत्यक्षात कोण बसले आहे, हा प्रश्न त्याने सर्वांपुढे आणला. पुढे आरक्षण राज्याच्या वनविभागाच्या, म्हणजे महाफॉरेस्टच्या, 'गव्ह डॉट इन' पत्त्यावर गेले. 'गव्ह डॉट इन' नावे फक्त शासकीय संस्थांना मिळतात आणि ती बाजारात विकली जात नाहीत. तसे नाव मिळवून देतो वा विकत घेतो असे म्हणणारा माणूस खोटे बोलत असतो.

विक्रेत्याला गाठण्याची सर्वांत रुळलेली युक्ती मूल्यांकनाची. अनोळखी ग्राहक ईमेलवर भलीमोठी किंमत देऊ करतो, घासाघीस करत नाही, आणि सौदा ठरत आला की विशिष्ट संकेतस्थळावरून मूल्यांकनाचा दाखला आणायला सांगतो. ते संकेतस्थळ त्याचेच किंवा त्याच्या साथीदाराचे असते. दाखल्याचे शुल्क गेले की ग्राहकही जातो. खरा ग्राहक नावाची किंमत स्वतः ठरवतो. दाखल्याचा खर्च तो विक्रेत्यावर टाकत नाही. दुसरी युक्ती यूपीआयची: 'पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका.' पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉटही पुरावा नव्हे. जमा झाल्याची खात्री स्वतःच्या बँकखात्यातच करावी. कार्डाने किंवा पेपालने आलेली रक्कम नंतर मागे घेतली जाऊ शकते, हे परदेशी ग्राहकाशी व्यवहार करताना विशेष लक्षात ठेवावे लागते.

मोठ्या सौद्यात एस्क्रो, म्हणजे पैसे मधल्या कंपनीकडे ठेवण्याची पद्धत, सर्वांत भरवशाची. पण तिचीही नक्कल होते. ग्राहकाने पाठवलेल्या दुव्यावर जाऊ नये. एस्क्रो कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून खाते उघडावे. ट्रान्सफरचा, म्हणजे डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवण्याचा, गुप्त कोड पैसे पक्के जमा झाल्याशिवाय कोणालाही देऊ नये. सगळ्या सावधगिरीचे मर्म या क्रमात आहे.

नाव थेट चोरण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील सेक्स डॉट कॉमचे. १९९४ मध्ये गॅरी क्रेमेन यांनी नोंदवलेले हे नाव १९९५ मध्ये एका बनावट पत्राच्या जोरावर दुसऱ्याच्या नावे झाले, आणि परत मिळवायला २००० साल उजाडले. आज पत्राची जागा रजिस्ट्रारच्या नावाने येणाऱ्या खोट्या ईमेलने घेतली आहे. त्यामुळे खात्याला दुहेरी पडताळणी आणि डोमेनला ट्रान्सफर-लॉक हवाच. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड, एटापल्लीसारख्या तालुक्यांत एसएमएसचा ओटीपी वेळेवर येईलच असे नाही. तेथे ऑथेंटिकेटर ॲप बरे, कारण त्याचा कोड नेटवर्कशिवायही तयार होतो.

विक्रेत्याची बाजूही स्वच्छ हवी. सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या सत्यम इन्फोवे खटल्यात डोमेन नावाला व्यापारचिन्हाचे तत्त्व लागू केले. दुसऱ्याच्या नावाजलेल्या नावावर डोमेन घेऊन त्यालाच विकायला गेल्यास ते नाव गमवावे लागू शकते.

पैसे गेल्यास लगेच १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येते. नाव गेल्यास त्याच दिवशी रजिस्ट्रारला लेखी कळवावे. 'डॉट कॉम'सारखे नाव एकदा हलवल्यावर बहुतेक रजिस्ट्रार ते सुमारे ६० दिवस पुन्हा हलवू देत नाहीत. नोंदणीची पावती, नूतनीकरणाची बिले आणि ग्राहकाचे मूळ ईमेल जपून ठेवले असतील, तर या मुदतीत हक्क सिद्ध करणे सोपे जाते.