कर्सर आणि इटरेटर : क्वेरीच्या निष्पत्तीपासून ऑब्जेक्टपर्यंतचा प्रवास

प्रास्ताविक

संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात डेटाबेस आणि ऑब्जेक्टाधिष्ठित प्रोग्रामिंग हे विषय बहुधा दोन स्वतंत्र प्रश्नपत्रिकांत विभागलेले असतात. क्वेरीची निष्पत्ती ओळींच्या संचाच्या रूपाने येते. आज्ञावलीला मात्र एका वेळी एक ऑब्जेक्ट हवा असतो. हा सांधा कोणत्याच प्रश्नपत्रिकेत नीटसा येत नाही आणि प्रकल्प करताना विद्यार्थी तो कोठून तरी उतरवून घेतलेल्या चार ओळींनी जुळवतो. प्रस्तुत लेखात या सांध्याचा इतिहास तपासला आहे. कर्सर आणि इटरेटर या संकल्पना एकसारख्या भासत असल्या तरी त्यांची कुळे भिन्न आहेत आणि आजच्या अनेक अडचणींचे मूळ त्या भिन्नतेत आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

नाविकाचे पुनरागमन

१९६० च्या दशकाच्या आरंभी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चार्ल्स बाकमन यांनी ‘इंटिग्रेटेड डेटा स्टोअर’ ही प्रणाली घडवली. तीत नोंदी परस्परांशी साखळीने जोडलेल्या असत व आज्ञावली एका नोंदीवरून दुसरीवर जात असे. १९७३ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात बाकमन यांनी प्रोग्रामरला नाविकाची उपमा दिली. आयबीएमच्या सॅन होजे येथील एडगर कॉड यांना नेमके हे नौकानयन नको होते. १९७० च्या आपल्या निबंधात त्यांनी माहितीची मांडणी गणिती संबंधांच्या रूपात केली. संबंध म्हणजे संच, आणि संचाला पहिला-दुसरा असा क्रम नसतो. काय हवे ते प्रोग्रामरने सांगावे, वाट प्रणालीने शोधावी, ही त्यामागील भूमिका होती.

ही भूमिका प्रत्यक्षात उतरवण्यासाठी सॅन होजे येथेच ‘सिस्टिम आर’ हा प्रकल्प हाती घेण्यात आला, तेव्हा एक व्यावहारिक अडचण उभी राहिली. पीएल/वन किंवा कोबोल या भाषांत संपूर्ण संबंध सामावेल असे चलच नव्हते. संच आज्ञावलीच्या हाती द्यावा तरी कसा? १९७६ च्या सिस्टिम आरवरील निबंधात यावरील तोडगा आढळतो, तो म्हणजे कर्सर. पोथी वाचताना चालू ओळीवर बोट ठेवावे, तसा हा कर्सर निष्पत्तीतील एका ओळीवर उभा असतो. तो जाहीर करावयाचा, उघडावयाचा, ओळ आणावयाची आणि शेवटी बंद करावयाचा, हा विधी १९८६ च्या एसक्यूएल मानकातही स्थिरावला. कॉड यांनी निरोप दिलेला नाविक अशा रीतीने मागच्या दाराने परतला.

दुसरे कूळ

याच सुमारास एमआयटीमध्ये बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांचे सहकारी ‘क्लू’ ही भाषा घडवत होते. त्यांच्यासमोर डेटाबेस नव्हता. त्यांचा प्रश्न अमूर्त डेटाप्रकारांचा होता. एखाद्या ऑब्जेक्टची अंतर्गत रचना बाहेरच्यांपासून झाकली, तर त्यातील घटक क्रमाने कसे पाहावयाचे? कार्नेगी मेलनमधील ‘अल्फार्ड’ भाषेतील जनरेटरांपासून प्रेरणा घेऊन त्यांनी इटरेटर सिद्ध केला. तो एक घटक देतो, थांबतो आणि पुन्हा मागणी होताच जेथे थांबला होता तेथून पुढे चालू लागतो. १९७७ च्या निबंधात याचे विवेचन आहे.

कर्सरचा जन्म नाइलाजातून झाला, तर इटरेटरचा तत्त्वातून. कर्सरमागे जोडणी, व्यवहार आणि कुलुपे उभी असतात. इटरेटर वापरणाऱ्याला मात्र घटक कोठून आले हे कळू नये, हीच अपेक्षा असते. १९९४ मध्ये गामा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडीस यांच्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या ग्रंथात इटरेटरचे पर्यायी नाव म्हणून ‘कर्सर’ हा शब्द दिलेला आहे. नावे एक झाली, एवढ्यावरून कुळे एक झाली असे मानणे मात्र घाईचे ठरेल. (त्याच वर्षी गोएट्झ ग्रेफे यांच्या ‘व्होल्कॅनो’वरील निबंधाने डेटाबेसच्या अंतर्भागातील प्रत्येक क्रियाही उघडा-पुढचे द्या-बंद करा या पद्धतीने मांडली, हा योगायोग लक्षणीय आहे.)

सांध्यातील फट

जावाचे उदाहरण बोलके आहे. १९९७ च्या जेडीबीसीमध्ये ‘रिझल्टसेट’ची ‘नेक्स्ट’ ही क्रिया पुढच्या ओळीवर सरकते आणि ओळ मिळाली की नाही तेही सांगते. १९९८ मध्ये आलेल्या ‘इटरेटर’मध्ये ‘हॅजनेक्स्ट’ केवळ विचारते, सरकत नाही. पहिल्याला दुसऱ्याचा पोशाख चढवावयाचा तर एक ओळ आधीच वाचून हाती धरावी लागते. याहून गंभीर बाब म्हणजे या इटरेटरला ‘बंद करा’ ही क्रियाच नाही. लूप मध्येच सोडला तर उघडा राहिलेला कर्सर कोणी मिटवावयाचा? सी शार्पने २००५ मध्ये आपल्या जनरिक गणकाला विसर्जनाची क्रिया जोडून यावर उत्तर दिले.

पीएचपी ५ मध्ये, म्हणजे २००४ साली, आलेल्या इटरेटरला आरंभी परतण्याची क्रिया आवश्यक होती. केवळ पुढे वाहणाऱ्या निष्पत्तीला ती मुळातच शक्य नसते. पुढच्याच वर्षी पीडीओ आले. त्यात ओळीचे थेट एखाद्या क्लासच्या ऑब्जेक्टमध्ये रूपांतर करण्याची सोय झाली, पण मूळ वर्तनात गुणधर्म आधी भरले जात आणि कन्स्ट्रक्टर नंतर चाले. हा क्रम बदलण्याचा पर्याय पुढे दिला गेला. प्रस्तुत लेखकाच्या मते ही तांत्रिक किरकोळ बाब नव्हे. ऑब्जेक्ट वैध अवस्थेतच जन्मावा ही कन्स्ट्रक्टरची हमी असते. बाहेरून भरलेल्या ऑब्जेक्टबाबत ती मोडते, आणि लिस्कोव्ह यांनी झाकलेली रचना डेटाबेसपुढे उघडी पडते.

१९८० च्या दशकात या विसंवादाला विद्युत अभियांत्रिकीतून ‘इम्पिडन्स मिसमॅच’ ही संज्ञा उसनी घेतली गेली. हायबर्नेटसारख्या साधनांनी २००१ पासून तो झाकला. त्याची किंमत अन्यत्र मोजावी लागली. शंभर विद्यार्थ्यांची यादी एका क्वेरीने आणावी आणि लूपमध्ये प्रत्येकाचा विभाग विचारावा, तर साधनाच्या रचनेनुसार आणखी शंभर क्वेऱ्या नकळत धावू शकतात. कॉड यांच्या भाषेत हे सारे एका जोडणीचे काम आहे. येथे प्रोग्रामर पुन्हा नाविक झालेला असतो, आणि सुबक इटरेटरमुळे आपण नावेत आहोत हे त्याला उमगतही नाही.

२००७ च्या लिंकने उलट दिशेने प्रयत्न केला. सी शार्पमध्ये लिहिलेली क्वेरी लगेच चालत नाही. ती अभिव्यक्तीच्या वृक्षरूपात साठवली जाते आणि पहिला घटक मागितला जाईपर्यंत तिचे एसक्यूएलमध्ये भाषांतर लांबवता येते. संच अशा रीतीने शक्य तितका काळ संच म्हणूनच राहतो. त्यानंतर मात्र तेथेही एक वाचक उघडतो आणि ओळी एकेक करून येऊ लागतात.