पाळी का येत नाही? एका शोधाची कहाणी

अमेरिकेतील ओक्लाहोमाच्या डॉ. हेन्री टर्नर यांनी १९३८ साली सात मुली-तरुणींची वर्णने प्रसिद्ध केली. वये १५ ते २३. उंची कमी, मानेला दोन्ही बाजूंनी त्वचेची घडी, आणि वयात आल्याची खूणच नाही. टर्नरना संशय होता पियूषिका ग्रंथीचा. तर्क वावगा नव्हता. बीजांडकोशाला आदेश देणारी संप्रेरके तीच तर पाठवते!

पण मग लघवीत ही संप्रेरके कमी सापडायला हवीत. १९४२ मध्ये फुलर ऑलब्राइट व सहकाऱ्यांना अशा रुग्णांत ती उलट भरपूर आढळली. पियूषिका हाका मारीत होती, ओ देणारे बीजांडकोशच नव्हते. आम्हाला या साऱ्या कहाणीत हीच पायरी सर्वांत मोलाची वाटते. पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी न आलेल्या मुलीच्या रक्तात डॉक्टर आजही हेच संप्रेरक मोजतात. ते कमी भरले तर पियूषिका, मेंदू, कुपोषण यांकडे पाहायचे; जास्त भरले तर बीजांडकोशाकडे आणि गुणसूत्रांकडे.

गुणसूत्रे मात्र तेव्हा नीट मोजताही येत नव्हती. माणसात ती ४६ असतात हेच १९५६ मध्ये ठरले. तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, इंग्लंडमध्ये चार्ल्स फोर्ड व सहकाऱ्यांनी अशाच एका १४ वर्षांच्या मुलीच्या पेशी तपासल्या. गुणसूत्रे भरली ४५. एक्स एकच होते.